लसणाची पात आणि लसणाचे डेंगळे

लसूण म्हटला कीं शहरांतील घरांत एकच वस्तु डोळ्यांपुढें येते. कागदासारख्या पातळ सालींत गुंडाळलेला, दहाबारा पाकळ्यांचा सुका गड्डा. तो बाजारांतून येतो, टोपलींत पडतो, फोडणीच्या वेळीं त्याच्या दोनचार पाकळ्या सोलल्या जातात, आणि तेवढ्यावर त्याचें काम संपतें. ह्याच गड्ड्याच्या माथ्यावर चार महिने हिरवी पात डुलत होती, ती पात खाण्याजोगी होती, आणि लसणाच्या कांहीं जातींत त्या पातीच्या मधून एक कोंवळा गोल दांडा निघतो व तोहि भाजीसारखा शिजवितां येतो, ही गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कांद्याची पात मंडईंत जुड्या बांधून विकली जाते म्हणून ती ओळखीची. लसणाची पात बहुतेक शेताच्या बांधावरच राहते आणि तिचें ज्ञानहि तेथेंच राहतें.

ही उणीव एरवीं कोणाला जाणवलीहि नसती. परंतु २०२४ सालीं महाराष्ट्रांतील शहरांतून लसणाचा किरकोळ भाव किलोस ४०० रुपयांच्या घरांत गेला, आणि फोडणींत पाकळ्या टाकतांना हात आंखडूं लागला. जें रोप आपला सर्व देह स्वयंपाकघरास देऊं शकतें, त्याचा एकच अवयव विकत घ्यावयाचा आणि तो महागला म्हणून हळहळावयाचें, हा व्यवहार कितपत शहाणपणाचा आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर मंडई सोडून शेतांत जावें लागेल; आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कोडोली हें गांव त्यासाठीं सोयीचें आहे.

कोडोली हें पन्हाळा तालुक्यांतील मोठें गांव. उत्तरेस वारणा नदी, दक्षिणेस जोतिबाचा डोंगर, नैर्ऋत्येस पन्हाळगड. शेजारींच वारणानगर असून तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें उभा राहिलेला वारणा सहकारी साखर कारखाना तेथलाच. अर्थात् ह्या मुलखाचें मुख्य पीक ऊंस. २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळहि ह्याच जिल्ह्याचा. उसाच्या मुलखांत लसणाचें काय काम, असें कोणास वाटेल. परंतु पूर्वहंगामी उसाची लागण १५ ऑक्टोबरपासून १५ नोव्हेंबरपर्यंत होते, आणि लसणाच्या पाकळ्या टोंचण्याचा हंगामहि तोच. ऊंस पहिले तीनचार महिने सावकाश वाढतो. दोन सरींमधली जागा तोंपर्यंत मोकळी आणि ओली असते. त्या जागेंत सरीच्या बगलेस कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर घेण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रांतील ऊसकऱ्यांत रूढ आहे. मोठी बांधणी करून उसाला मातीची भर द्यावयाची वेळ सुमारें चारसाडेचार महिन्यांनीं येते. त्याच्या आंत लसूण निघाला पाहिजे. मोठ्या पिकानें दिलेली ही उसनी जागा आणि उसना काळ. त्यांत घरच्या बाईला वर्षाचें तिखट, कालवण आणि फोडणी सांधावयाची असते.

पंचांगाशींहि हा हंगाम मोठा जुळून येतो. ज्या घरांत चातुर्मास पाळला जातो तेथें आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदालसणाचा पोटभर निरोप घेतात, आणि कार्तिकी एकादशी झाल्यावर तो पुन्हां स्वयंपाकघरांत येतो. लसणाची लावणी ह्याच सुमारास. पात कापण्याजोगी होते ती मार्गशीर्ष-पौषांत, आणि गड्डा तयार होतो फाल्गुनाच्या आसपास. म्हणजे हिरव्या लसणाचा सारा काळ निषेधाच्या बाहेरचा आहे. चातुर्मास कडकपणें पाळणाऱ्या घरांतहि पातीला पंचांगाचा अडथळा नाहीं. अडथळा असलाच तर तो संवयीचा आहे.

लसणाचे अवयव निरनिराळे आणि त्यांच्या चवीहि निरनिराळ्या, हें ज्ञान नवें नव्हे. १८९० सालीं हॅमिल्टन बॉवर ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास मध्य आशियांत कुचा येथें भूर्जपत्रांवर लिहिलेलें एक प्राचीन हस्तलिखित मिळालें. त्या वैद्यक ग्रंथाच्या आरंभींच लसणाचा महिमा सांगितलेला आहे. आयुर्वेदांत लसणास रसोन म्हणतात. सहा रसांपैकीं एक, आंबट, त्यांत उणा, म्हणून तो रसोन. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत उरलेल्या पांच रसांच्या जागाहि नेमून दिल्या आहेत. मुळांत तिखट, पानांत कडू, नाळांत तुरट, नाळाच्या शेंड्यांत खारट आणि बीजांत गोड, अशी ती वांटणी आहे. ही वांटणी करणारानें लसूण नुसता फोडणींत टाकलेला नाहीं, तो शेतांत उभा असलेला पाहिला आहे आणि शेंड्यापासून मुळापर्यंत चाखला आहे, हें उघड दिसतें. वैद्यकाचा भाग बाजूस ठेवला तरी स्वयंपाकास ह्यांतून एक मोलाचा धडा मिळतो. पान कडसर आहे, तेव्हां त्याला डाळीचें पीठ, शेंगदाणे किंवा तेल ह्यांचा आधार हवा. दांडा तुरट आहे, तेव्हां त्याला मीठ आणि गुळाचा खडा हवा. पाकळीचे नियम दोघांनाहि जसेच्या तसे लावून चालणार नाहीं.

आतां ह्या दांड्याविषयीं. कांदा पिकविणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दांड्यास डेंगळा म्हणतात. कांद्याला डेंगळे आले कीं त्यांच्या कपाळास आठ्या पडतात, कारण डेंगळ्याचा कांदा टिकत नाहीं आणि बाजारांत त्याला मोल येत नाहीं. कांद्याचा डेंगळा पोकळ आणि मध्यें फुगलेला असतो. लसणाचा डेंगळा त्याहून बारीक, आंतून भरीव, आणि वाढतां वाढतां सापासारखा वेटोळें घेणारा. त्याच्या टोकाशीं चोंचीसारखी एक कळी असते. ती उमलली तर तींत फुलांबरोबर गव्हाच्या दाण्याएवढ्या लहान लहान कुड्या धरतात. लागवडीच्या लसणांत खरें बीं सहसा धरत नाहीं. पाकळी लावूनच तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

परंतु हा डेंगळा सर्वत्र येत नाहीं. त्याला लांबलचक आणि कडक थंडी लागते. काश्मीर आणि हिमाचल प्रदेशाच्या थंड भागांत जो ताठ मानेचा लसूण होतो, त्याला डेंगळे येतात. महाराष्ट्राचा हिंवाळा त्यामानानें सौम्य. येथें लावल्या जाणाऱ्या जाती, मग त्या राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता असोत कीं राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल असोत, मऊ मानेच्या आहेत, आणि सामान्यतः त्यांना डेंगळे येत नाहींत. तेव्हां कोडोलीच्या वाफ्यांत डेंगळ्यांची भाजी शोधूं जाणारास एखादें चुकार रोप सांपडलें तर सांपडेल. ह्या मुलखांत डेंगळ्याची जागा पातीनें घेतली आहे.

ह्यांत ह्या मुलखाचें नुकसान झालें असें मात्र समजूं नये. मऊ मानेचा लसूण पातीसकट वाळवितां येतो, त्याच्या वाळल्या पातीच्या वेण्या घालून त्या आढ्याला टांगतां येतात, आणि तो टिकतोहि अधिक. कोल्हापूरकडे चैत्र-वैशाखांत वर्षाची कांदालसणाची चटणी होते. वाळलेल्या लाल मिरच्या, भाजलेला कांदा, सुकें खोबरें, धणे, तीळ आणि भरपूर लसूण एकत्र कांडून केलेलें हें तिखट म्हणजे तेथील स्वयंपाकाचा पाया आहे. त्याला पुरता पिकलेला आणि वाळलेला लसूणच लागतो. डेंगळ्यांची चार दिवसांची मौज आणि वर्षभर टिकणारा गड्डा, ह्यांत त्या भागाच्या हवेनें गड्डा निवडला आहे.

येथेंच पातीचा खरा पेंच उभा राहतो. पान हें रोपाचें स्वयंपाकघर. सूर्याच्या उजेडांत पानांनीं रांधलेलें अन्नच खालीं उतरून पाकळ्यांत सांठतें. पौषांतल्या एखाद्या सकाळीं भाकरीबरोबर खावयास म्हणून मूठभर पात कापली, तर त्या रोपाच्या गड्ड्यांतून तेवढा वांटा वजा झाला. अशी दहा वेळां पात कापलेलें रोप फाल्गुनांत उपटलें तर हातांत बोराएवढा गड्डा येतो. आजचें तोंडीलावणें कीं वैशाखांतली चटणी, असा हा हिशेब आहे, आणि तो शेतावरच्या बाईला हातांत विळा असतांनाच करावा लागतो. शहरांतील गृहिणीस पात सहज मिळत नाहीं ह्याचें एक कारण हेंच. पात विकणें म्हणजे गड्डा कच्चा विकणें होय.

हा पेंच सोडविण्याची रीत सोपी आहे. गड्ड्यांतल्या बाहेरच्या मोठ्या, भरदार पाकळ्या गड्ड्यासाठीं वीतभराच्या आंत, चार बोटांच्या अंतरानें टोंचाव्या. आंतल्या बारीक पाकळ्यांचे मोठे गड्डे कधींच होत नाहींत; त्या एका बाजूस दाट टोंचाव्या आणि तेवढाच तुकडा पातीसाठीं राखावा. ह्या तुकड्यांतली पात हवी तेव्हां कापावी, किंवा कोंवळें रोप मुळासकट उपटून पांढरा दांडा, पात आणि गांठीसारखा कच्चा गड्डा असें सर्वच वापरावें. गड्ड्याच्या वाफ्यांतून मात्र कापावयाचेंच झालें तर एका रोपाचें एखादेंच पान घ्यावें, आणि गड्डा भरूं लागल्यावर तेंहि घेऊं नये. डेंगळ्याचा न्याय अगदीं उलटा आहे. तो रोपावर ठेवला तर गड्ड्याचें अन्न फुलोऱ्याकडे जातें. म्हणून थंड प्रदेशांत तो पहिलें वेटोळें घेतांच खुडून टाकतात, आणि गड्डा त्यामुळें अधिक भरतो. पान खाल्लें तर गड्डा घटतो, डेंगळा खाल्ला तर गड्डा वाढतो. एकाच रोपाचे हे दोन हिशेब ज्याला उमगले, त्याला लसणाची शेती आणि लसणाचा स्वयंपाक ह्या दोन्ही गोष्टींचें वर्म सांपडलें.

शिजविण्यापूर्वीं लसणाच्या वासाविषयीं थोडें जाणून घेणें उपयोगाचें आहे. अखंड पाकळी नाकाशीं धरली तर तिला फारसा वास येत नाहीं. ती ठेंचली कीं घर भरून जातें. ह्याचें कारण असें कीं, ॲलिइन नांवाचें बिनवासाचें द्रव्य आणि त्याचें रूपांतर घडवून आणणारें एक किण्व, हीं दोन्हीं लसणाच्या पेशींत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरल्यानें किंवा ठेंचल्यानें कप्पे फुटतात, दोघांची गांठ पडते आणि ॲलिसिन नांवाचें उग्र द्रव्य तयार होतें. हें ॲलिसिन अमेरिकेंत कॅव्हॅलिटो आणि बेली ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९४४ सालीं वेगळें करून दाखविलें; त्यानंतर स्टोल आणि सीबेक ह्या स्विस रसायनज्ञांनीं त्याच्या मुळाशीं असलेलें ॲलिइन ओळखलें. किण्व उष्णतेनें निकामी होतें. अखंड पाकळी किंवा अखंड पात एकदम कढत तेलांत पडली तर वास जन्मास येण्यापूर्वींच मरतो आणि चव गोडसर होते. चिरून किंवा ठेंचून आठदहा मिनिटें ठेवली आणि मग चुलीवर गेली तर तिखटपणा पुष्कळसा राहतो. वरवंट्याखालीं ठेंचून घेण्याची जुनी रीत चवीला कां सरस वाटते, ह्याचा उलगडा ह्यांत आहे. पात पाकळीहून सौम्य. तिचा वास लवकर उडतो. म्हणून ती शक्य तों शेवटीं घालावी आणि झांकण ठेवून फार वेळ शिजवूं नये.

आतां प्रत्यक्ष कृतींकडे वळूं जातां पहिला मान खर्ड्याचा. इतर ठिकाणीं ज्याला ठेंचा म्हणतात त्याला कोल्हापूरकडे खर्डा म्हणतात. आठदहा हिरव्या मिरच्या लोखंडी तव्यावर चमचाभर तेलांत, अंगावर पांढरे डाग येईतों भाजाव्या. त्यांतच अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे घालावे. लसणाची मूठभर पात स्वच्छ धुऊन, निथळून, बोटभर लांबीची चिरून आधींच ठेवलेली असावी. ती आंच काढून घेतल्यावर तव्यावर टाकावी, म्हणजे तापलेल्या लोखंडाच्या ऊबेवर ती नुसती मावळेल. मग जाडें मीठ घालून तव्यावरच तांब्याच्या किंवा वाटीच्या बुडानें सर्व रगडावें. खर्डा गंधासारखा मऊ होतां कामा नये. दाण्याचा कण आणि पातीचा तंतु दांतांखालीं आला पाहिजे. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर, वर कच्च्या तेलाची धार घेऊन, तो खावा. ज्यांना तिखट सोसत नाहीं त्यांनीं मिरच्या निम्म्या कराव्या आणि शेंगदाणे वाढवावे. पातीचा कडसरपणा शेंगदाण्यानें चांगला झांकला जातो.

दुसरी कृति पातीच्या कोरड्या झुणक्याची. दोन वाट्या बारीक चिरलेली पात, पाऊण वाटी डाळीचें पीठ, तीन पळ्या तेल, मोहरी, हिंग, हळद, एक चमचा तिखट आणि चवीपुरतें मीठ एवढें सामान पुरे. पातीचा पांढरा भाग व हिरवा भाग वेगळा चिरावा. फोडणींत आधीं पांढरा भाग परतावा. तो मऊ झाला कीं हळद, तिखट, मीठ घालून हिरवा भाग घालावा आणि एकदांच उलथण्यानें वरखालीं करावा. लगेच वरून पीठ पेरीत जावें. पीठ पातीच्या अंगचें पाणी पिऊन घेतें. तें कोरडें राहिलें तरच पाण्याचा हबका मारावा. मंद आंचेवर झांकण ठेवून पांच मिनिटें वाफ आणावी, आणि मग झांकण काढून पीठ मोकळें होईतों परतावें. पाण्यांत पीठ कालवून ओतल्यास पिठलें होतें आणि पातीची चव त्यांत बुडते; पेरलेल्या पिठांत ती वर राहते. ह्याच कृतींत पिठाऐवजीं भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ घेतली तरी चालतें. ज्या घरांत अंडीं चालतात तेथें मऊ परतलेल्या पातीवर अंडीं फोडून झांकण ठेवावें. मुंबईच्या पारशी घरांत हिंवाळ्यांतल्या हिरव्या लसणावर अंडीं घालण्याची अशीच रीत आहे, आणि गुजराथेंत सुरतेकडच्या उंधियोंत हिरवा लसूण हवाच असतो.

डेंगळे हिमालयाकडून आलेले कोठें मिळाले, किंवा थंड प्रदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते परसांत मिळाले, तर त्यांची भाजी अशी करावी. पाव किलो डेंगळे घ्यावे. नखानें दाबल्यावर मोडणारे तेवढेच कोंवळे; वांकून चिवट राहणारे जून समजावे. कळी आणि तिच्यापुढचा तंतुमय शेंडा कापून टाकावा. उरलेल्या दांड्याचे घेवड्याच्या शेंगेप्रमाणें दोन बोटें लांबीचे तुकडे करावे. तेलांत मोहरी तडतडली कीं तुकडे घालून मोठ्या आंचेवर दोन मिनिटें परतावे, म्हणजे अंगावर सुरकुती येते. मग अर्धी वाटी पाणी, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून झांकण ठेवावें. सहासात मिनिटांत दांडा शिजतो, परंतु गळून पडत नाहीं. शेवटीं कांदालसणाची चटणी चमचाभर आणि शेंगदाण्याचें कूट दोन चमचे घालून पाणी आटवावें. गुळानें तुरटपणा जातो. तयार भाजीची चव शेवग्याची शेंग आणि लसूण ह्यांच्या मधली कोठें तरी लागते. चीनमध्यें डेंगळ्यांच्या जुड्या बाजारांत स्वतंत्र भाजी म्हणून विकल्या जातात आणि मांसाच्या पट्ट्यांबरोबर भडक आंचेवर परतल्या जातात. कोरियांत ते मुरवून तोंडीलावण्यास ठेवतात. जगांतील इतक्या मोठ्या लोकसमूहांना जी वस्तु नित्याची, ती मराठी घरांत अनोळखी राहिली ती केवळ हवेमुळें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिच्याविषयींचा परकेपणा उरत नाहीं.

एक सावधगिरी मात्र सर्वांनीं बाळगावी. पात स्वस्त मिळाली म्हणून ती वाटून, तेलांत बुडवून, बाटलींत भरून फडताळांत ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. जमिनीवर उगवणाऱ्या भाज्यांबरोबर मातींतले कांहीं जंतु येतात. त्यांपैकीं एक असा आहे कीं, हवा लागत नाहीं, ओलावा आहे आणि आंबटपणा नाहीं अशा ठिकाणीं तो वाढून जबर विष तयार करतो. तेलाखालीं बुडालेला ओला लसूण म्हणजे नेमकी तीच जागा. १९८५ सालीं कॅनडांतील व्हॅन्कुव्हर शहरांत तेलांत ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळें ३६ लोकांना अशी विषबाधा झाली. ह्या विषाला वास नसतो आणि चवहि नसते, म्हणून चाखून पाहण्यानें कांहीं कळत नाहीं. ओल्या पातीचा खर्डा त्या दिवशींच संपवावा. उरलाच तर शीतपेटींत ठेवून दोनतीन दिवसांत संपवावा. कोल्हापूरची कांदालसणाची चटणी वर्षभर टिकते ती मिरची, खोबरें, कांदा हे सर्व जिन्नस वाळवून, भाजून, ओल काढून मगच कांडले जातात म्हणून. आजीबाईंचा ओल्या पळीवर जो कटाक्ष असे तो निव्वळ हट्ट नव्हता.

शहरांतील बिऱ्हाडांत हें सर्व कसें साधावयाचें, अशी शंका राहते. त्यासाठीं शेत लागत नाहीं. टोपलींत पडून राहिलेल्या ज्या पाकळ्यांना हिरवे कोंब फुटतात आणि ज्या चिडून फेंकून दिल्या जातात, त्याच ह्या कामास उत्तम. बुडाशीं भोंक असलेली वीतभर खोल कुंडी, निम्मी माती आणि निम्में कुजलेलें शेणखत, आणि त्यांत शेंडा वर ठेवून दोन बोटें अंतरानें टोंचलेल्या पंधरावीस पाकळ्या. कुंडी उन्हाच्या खिडकींत ठेवावी आणि माती ओलसर राखावी, चिखल करूं नये. तीनचार आठवड्यांत पात वीतभर होते. बुडापासून दोन बोटें सोडून कापावी, म्हणजे ती पुन्हां फुटते. दोनतीन कापण्या झाल्या कीं पाकळी थकते आणि नवी लावावी लागते. गड्ड्याची आशा येथें धरावयाची नसल्यामुळें कोडोलीच्या बाईला पडणारा पेंच ह्या कुंडींत पडत नाहीं. हिंवाळ्यांत हें काम सर्वांत चांगलें साधतें. उन्हाळ्यांत पात लवकर पिवळी पडते.

ह्यापलीकडे आणखी एक गोष्ट शहरांतील घरांच्या हातांत आहे. जी वस्तु कोणी मागत नाहीं ती कोणी आणीत नाहीं. मंडईंत पौष-माघांत भाजीवाल्या बाईजवळ लसणाच्या पातीची चौकशी चार घरांनीं केली तर आठवड्यानें तिच्या पाटींत दोन जुड्या दिसूं लागतील. त्या जुड्यांना गड्ड्याच्या तोडीचा भाव देण्यास मात्र कोणी कुरकुरूं नये. पात खुडणारीनें त्या जुडीबरोबर आपल्या गड्ड्याचा वांटा सोडलेला असतो, आणि बारीक पाकळ्यांचा वेगळा तुकडा तिनें लावला असला तर त्यालाहि पाणी, खत आणि उसाच्या सरीमधली जागा द्यावी लागलेली असते. उसाचा पैसा कारखान्याकडून घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातीं येतो; बांधावरच्या भाजीचे चार पैसे पुष्कळदां बाईच्या कनवटीला राहतात. भावमिश्रानें पांच ठिकाणीं पांच रस सांगितले. त्यांपैकीं एकाच रसावर भागवून घेण्याची शहराला संवय जडली आहे. ती मोडली तर महागाईच्या दिवसांत फोडणीचा वास जाणार नाहीं, आणि वाफ्याच्या कडेला बारीक पाकळ्या टोंचीत बसलेल्या बाईच्या मेहनतीला गिऱ्हाईक मिळेल.